चंद्राच्या हातची खळ

अंजूरचा केसरीनाथ पोलीस व्हायचं म्हणाला, तेव्हा त्याचं पळणं म्हणजे लूमवरच्या शिफ्टला उशीर झाला की भिवंडीच्या रस्त्याने मारलेली धाव, एवढंच होतं. त्यातही तो बहुतेकदा उशिराच पोचायचा. पण भरती निघाली होती आणि पुढच्या साली वय उलटलं की त्याला कोणी मैदानात उभंही केलं नसतं. लूमच्या खडखडाटात जन्म काढायचा नसेल तर हीच एक संधी, हे त्याला कळत होतं. त्याच्या बायकोला, चंद्राला, त्याच्याहून जास्त कळत होतं.

चंद्राने कंबर कसली. बाजारातून जाडंभरडं कापड आणून त्याच्या दोन हाफपँटी शिवून घेतल्या आणि त्यांना खळ घातली. आता चंद्राची खळ म्हणजे काय, ते अंजूरमध्ये विचारावं. कुणाचंही लग्न निघालं की नवरदेवाचा सदरा तिच्याकडे यायचा. भाताची पेज ती अशी गाळायची आणि कापड असं ताणून वाळवायची, की सदरा खुंटीशिवाय उभा राहतो, असं लोक म्हणायचे. मग नवऱ्याच्या चड्डीला ती हात राखून थोडीच खळ घालणार!

"पलताना बी पोलिसावानी दिसला पायजे," ती म्हणाली.

केसरीनाथ खाडीच्या बांधावर पळू लागला. बगळे उडाले, कुत्री मागे लागली, पहिल्या दिवशी तर त्याने वाटेतच बसकण मारली. हळूहळू दम वाढला. पण दम वाढत गेला तशा मांड्या सोलवटत गेल्या. खारा वारा, घाम आणि त्यावर पत्र्यासारखी चड्डी. पण पोलीस व्हायला निघालेला गडी 'मांड्या झोंबतात' म्हणून सांगणार कुणाला? घरी परतला की तो गुपचूप खोबरेल लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी खळ घातलेली चड्डी चढवायचा. हळूहळू तो पाय फाकवून चालायला लागला. लूमवरच्या मुकादमाने एकदा विचारलंच, "क्यों केसरी, घोडा किधर बांधा?"

त्याच्या आईने, जानकीबाईने, हे चालणं पाहिलं आणि परस्पर निदान केलं. "कातडीचा कसला बी आजार असूं दे, अकलोलीच्या कुंडान बसला का बरा व्हतो."

रविवारी सगळे अकलोलीला गेले. केसरीनाथ पंचा गुंडाळून कढत पाण्यात उतरला आणि मांड्यांना पाणी लागताच अशी बोंब ठोकून बाहेर आला, की काठावरच्या बाया पदर सावरत उठल्या. ओल्या पंच्यानिशी तो पार एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. एवढ्या जोरात तो बांधावरही कधी पळाला नव्हता.

चंद्राने त्याला गाठलं आणि एका झाडाआड नेऊन पाहिलं. मांड्या लालभडक झाल्या होत्या.

"ह्या कशानं झाला?"

तो खाली बघत म्हणाला, "तुझी खळ."

चंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग बोललाव का न्हाय?"

"तू येवऱ्या हौशेनं घालतंस... कसा बोलू?"

तिला रागही आला आणि त्याची मायाही वाटली. घरी आल्या आल्या तिने खळीचं सांगून टाकलं.

अंगणात तिचा सासरा महादू बैलांना वैरण घालत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तेल लावतंस कवा?"

"पलून आल्यावर."

"आनि बैलाचे खांद्याला आपुन तेल कवा लावतो? जू ठेवायचे आदी का नंतर?"

लहानपणापासून रोज पाहिलेली गोष्ट केसरीनाथला स्वतःच्या मांड्यांसाठी सुचली नव्हती.

चंद्राने पेटीतून आपलं लग्नातलं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. कात्री हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग तिने ती चालवली.

मांड्या बऱ्या झाल्यावर केसरीनाथ आधी तेल चोळून, लुगड्याची चड्डी घालून पुन्हा बांधावर पळू लागला.

भरतीच्या दिवशी मैदानावर कडक इस्त्रीच्या चड्ड्यांची रांग लागली होती आणि त्यात केसरीनाथ उभा, विटक्या डाळिंबी रंगात, कडेला आंबा कोयरी. "वहिनींची घालून आला काय?" कोणीतरी ओरडलं. मैदान हसलं. त्याचे कान तापले. तेवढ्यात शिट्टी वाजली.

शेवटच्या फेरीत शेजारचे गडी चड्ड्या ओढत, पाय फाकवत पळू लागले. केसरीनाथ त्यांच्या मधून निघून गेला. पहिला नाही आला, पण निवडला गेला. फाटकाशी उभ्या असलेल्या चंद्राला त्याने "घेतला!" एवढंच सांगितलं, तर ती सगळ्यांदेखत रडली.

मग गणवेश मिळाला. खाकी हाफपँट. वर हुकूम, खळ कडक पाहिजे. दोघं त्या हाफपँटीकडे बघत बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. चंद्राने पेज चुलीवर ठेवली.

पहिल्या परेडला साहेब त्याच्यासमोर थांबले. "वा! खळ कुणी घातली?"

"घरच्यांनी, साहेब."

साहेब खूश होऊन पुढे गेले. केसरीनाथ नजर समोर ठेवून ताठ उभा होता. पत्र्यासारख्या त्या खाकीला आतून, मांड्यांच्या बाजूने, चंद्राने उरलेल्या लुगड्याचं अस्तर लावलं होतं.