माझ्या पोटातली फरसबी

मी खड्डा बोलतोय. अहो, रस्त्यातला नाही, जेवणाच्या टेबलातला! लगेच नाकं मुरडू नका.

झाडाला जिथे फांदी फुटली होती, तिथे लाकडात एक गाठ होती. लाकूड वाळलं, गाठ सैल झाली आणि सुताराच्या रंध्याखाली टपकन गळून पडली. उरलो मी, अंगठा जाईल एवढा, आरपार.

नशीब बघा, या घरात माझ्यासमोरची खुर्ची आजोबांची. डॉक्टरांनी त्यांना उकडलेली फरसबी खायला सांगितलेली, आणि फरसबी म्हणजे त्यांची जन्माची वैरीण! सूनबाईंची पाठ वळली, की एकेक शेंग माझ्यातून खाली. खाली काडी नावाची कुत्री आ वासून बसलेली. आम्हा तिघांची काय गट्टी होती! सूनबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमचे बाबा ताट कसं चाटूनपुसून खातात!" तिकडे काडीचं पिंप झालं.

मग आजोबांच्या मुलाच्या डोक्यात खूळ शिरलं. "हा खड्डा इपॉक्सी ओतून बुजवतो. तो चीक वाळून कडक झाला की काचेसारखा दिसेल."

मी हादरलो. आजोबांचा घासच अडकला. "अरे, असू दे की! हवा खेळते," ते म्हणाले. पण ऐकतंय कोण?

खालून चिकटपट्टी लागली. दोन बाटल्यांतलं मिश्रण ढवळून त्याने माझ्यात ओतलं. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. बुडबुडे घालवायला तो हेअर ड्रायर आणायला गेला. आज टेबलावर जेवायचं नाही असं बजावलं होतं, तरी आजोबा ताट घेऊन आपल्या जागीच टेकले. सूनबाईंची पाठ वळली आणि हाताची सवय ती, गेली एक शेंग माझ्यात! तिथेच रुतली.

काढायला जावं तर बोट चिकटतंय. तेवढ्यात मुलगा परतला.

"बाबा, हे काय?"

"नक्षी," आजोबा म्हणाले.

सूनबाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. काडी चिकटपट्टीकडे बघत लाळ गाळत होती. सगळा उलगडा झाला आणि त्यांचा चेहरा पडला. "इतकी वाईट करते का हो मी?"

आजोबा ओशाळले. "तुझ्या हाताला चव आहे गं. फरसबीच मेली वाईट. तू एवढ्या मायेने करायचीस, मग सांगवेना."

सूनबाई खुदकन हसल्या. "मग उद्यापासून दुधी करू?"

"कर की! दुधी मला फार आवडतो."

साफ खोटं! पण ते फक्त मला ठाऊक.

आता मी घासूनपुसून गुळगुळीत झालोय, पोटात एक हिरवी शेंग घेऊन. काडी अजूनही जेवणाच्या वेळी खाली आ वासून बसते. परवा आजोबांनी दुधीची फोड माझ्यावर ठेवली, बोटाने दाबून पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि मुकाट्याने गिळली. माझा जीव तुटला हो! एवढीच विनवणी आहे, कुणीतरी या टेबलाला दुसरं भोक पाडा!