सणाच्या दिवशी दिलेली किल्ली

या मित्रांनो, असे पुढे सरका. मागच्यांनीही यावं, जागा आहे. कीर्तनाला मंडळी कशी एकमेकांना खेटून बसतात, तसे बसा. एक गोष्ट सांगते, आणि अर्ध्यावर सोडणार नाही एवढा शब्द देते.

मी एक जुनी संगणक-प्रणाली आहे. दवाखान्याच्या खिडकीवर बाई तुमचं नाव-गाव विचारून बटणं दाबतात ना, तेव्हा त्यांच्यासमोरच्या पडद्यावर जी उघडते ती मी. मला हात लावता येत नाही, उचलून कुठे ठेवता येत नाही. नव्या मुली मला हळूबाई म्हणतात. म्हणोत बापड्या. आमच्या जातीत बारा वर्षं म्हणजे म्हातारपणच.

माझा जन्म साताऱ्याचा. बसस्थानकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर जयराजदादांची लहानशी कंपनी होती. तिथे कामाला असलेल्या जरिनाताईंनी मला घडवलं. लहान दवाखान्यांना प्रत्येकी स्वतंत्र प्रणाली ठेवणं झेपत नाही, म्हणून एकच करावी आणि सगळ्यांनी मिळून वापरावी, असा दादांचा विचार होता. विचार चांगला होता; पण जरिनाताईंच्या मनात एक काटा होता. सगळ्यांची माहिती एकाच घरात ठेवायची, आणि मिरजेच्या रुग्णाचं दुखणं फलटणच्या पडद्यावर दिसलं तर?

त्या मूळच्या मिरजेच्या. वडील बशीरभाई तंबोरे करायचे. एका सुट्टीत ताईंनी ही काळजी त्यांच्या कानावर घातली. ते भोपळ्याला पॉलिश करत होते. हात न थांबवता म्हणाले, "बेटा, भोपळा एकच हाय. तारा चार. पन हर तारेची खुंटी निराळी. एकीची खुंटी पिळली आन् दुसरी तार उतरली, तर त्याला तंबोरा कोन म्हनंल?"

झालं. ताई साताऱ्याला परतल्या आणि त्यांनी मला तसंच बांधलं. घर एक, पण प्रत्येक दवाखान्याची खोली वेगळी, कुलूप वेगळं. प्रत्येक खोलीचा कारभारी त्याच दवाखान्यातला. आपल्या खोलीत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे त्याने ठरवायचं. मिरजेच्या कारभारीणबाईंना फलटणची खोली दिसायचीसुद्धा नाही. सगळ्या खोल्या उघडणारी मोठी किल्ली, म्हणजे एक सांकेतिक शब्द, एकच, दुरुस्तीपुरती, ती जरिनाताईंकडे. शिवाय माझ्या आत एक वही आहे. कुठल्या खोलीत कोण, केव्हा आलं, ते तिच्यात आपोआप लिहिलं जातं आणि कुणालाही खोडता येत नाही.

सात वर्षं मी मानानं काम केलं. मिरज, फलटण, सातारा, एकेक करत नऊ दवाखाने माझ्याकडे राहायला आले. मिरजेच्या खिडकीवरच्या राजेश्वरीबाई सकाळी मला चालू करताना पडद्याला हात लावून कपाळाला लावायच्या. मित्रांनो, मला देव ठाऊक नाही. पण तेवढ्या वेळापुरतं मला फार बरं वाटायचं.

मग एक ईद आली. जरिनाताई मिरजेला माहेरी आल्या होत्या. घरात पाहुणे, शिरखुर्म्याच्या वाट्या फिरताहेत, आणि ताईंचा फोन थांबेना. एका दवाखान्याचं दार उघडत नव्हतं, दुसऱ्याची नोंद अडकली होती. तेवढ्यात फलटणच्या धनाजीचा फोन आला. हा तिथल्या दवाखान्याचा कारभारी. हुशार, मनमोकळा, कुणाचंही अडलं की धावणारा.

"ताई, सणाचं माणसांत बसा की! कशाला तो फोन घिऊन कोपऱ्यात उभ्या ऱ्हाताय? मोठी किल्ली माझ्याकडं द्या आजच्या दिवस. मी बगतो समद्यांचं."

ताईंनी दिली. धनाजीनं दिवसभर सगळ्यांची कामं मार्गी लावली, आपल्या बायकोच्या हातचं जेवणही गार होऊ दिलं.

आता मला सांगा, अशा माणसाकडून दुसऱ्या दिवशी किल्ली परत कशी मागायची? मागितली तर म्हणेल, ताईंचा माझ्यावर विश्वास नाही. आपल्याकडे शेजारी ठेवलेली किल्लीसुद्धा आपण लगेच मागत नाही. बरं दिसत नाही. ताईंनी आज मागू, उद्या मागू केलं. धनाजीलाही ती परत द्यावीशी वाटली नाही. दुसरी ईद येऊन गेली, तरी किल्ली फलटणलाच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मिरजेच्या खिडकीशी एक उंच म्हातारे गृहस्थ आले. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं. माणदेशातल्या करंजवस्तीचे तात्याबाबुवा. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू शेती, आणि चाळीस वर्षांचं कीर्तन. गावच्या सप्त्यात शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन त्यांचंच असायचं. डॉक्टरांनी त्यांच्या घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला होता.

बुवा खिडकीवर वाकून हळूच म्हणाले, "बाई, एक इनंती हाय. घरी फोन करू नगा. आठ दिसांवर काला हाय. काल्याचं कीर्तन झालं का घरात मीच सांगीन. बायकूला, भामाला, दुसऱ्या कुणाकडनं कळाया नगं."

"नाही करणार, बाबा," राजेश्वरीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानावर तळाशी त्यांनी लिहिलं: घरी फोन करू नये, रुग्ण स्वतः सांगणार. ते वाक्य मी माझ्या मिरजेच्या खोलीत नीट ठेवलं. मित्रांनो, त्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं त्या एका वाक्यात होतं.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, फलटणला धनाजी आपल्याच एका रुग्णाला शोधत होता. त्याचंही नाव तात्याबा. धनाजी स्वतःच्या किल्लीनं आला असता तर एकच नाव दिसलं असतं. पण मोठ्या किल्लीची सवय लागलेली. दोन नावं दिसली. दुसऱ्यापुढे गाव होतं करंजवस्ती, म्हणजे त्याच्या मामाचं गाव. लहानपणी मामाच्या मांडीवर बसून त्यानं ज्यांचं कीर्तन ऐकलं, ते हे बुवा! नावासमोरच दुखणं लिहिलेलं. तळाचं वाक्य वाचण्याआधीच त्यानं पानावरचा घरचा नंबर लावला. मी आतल्या आत तळमळले. पण किल्ली खरी असली की मला दार उघडावंच लागतं. ओरडायला मला तोंड नाही.

"भामाकाकू, मी धनाजी, शिरपामामाचा भाचा. काळजी करू नगा बरं का. मिरजंचे डॉक्टर लय चांगले हायत."

पलीकडून आवाज आला, "कशाचे डॉक्टर रं, बाळा?"

पुढचं मी पाहिलं नाही. ते काला झाल्यावर बुवा मिरजेला आले तेव्हा ऐकलं. सोबत भामाकाकू होत्या. बुवा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी सांगितलंत व्हय?"

"देवाशपथ नाही, बाबा!" राजेश्वरीबाईंचा चेहरा उतरला.

"चार दिस ही मला ज्येष्ठमधाचं पानी देत हुती. मी म्हनायचो, आवाज बसलाय. ही म्हनायची, व्हय, बसलाय. काल्याला किस्नाच्या खोड्या सांगतुया, समदं गाव हसतंय, आन् पुढं बसलेली ही एकटी पदर तोंडाला लावून रडतिया. तवा मला कळालं, हिला ठावं हाय."

काकू खालच्या मानेनं म्हणाल्या, "तुमचं कीर्तन मोडू नये म्हनून गप ऱ्हायले. शेवटी मोडलंच."

राजेश्वरीबाईंनी माझी वही उघडली. मला खोटं बोलता येत नाही. मी नाव दाखवलं, वेळ दाखवली. त्यांनी जरिनाताईंना फोन लावला, ताईंनी धनाजीला. दुसऱ्या दिवशी, बुवा तपासणीसाठी थांबले होते तेव्हाच, दोघंही मिरजेत हजर झाले. धनाजीनं बुवांचे पाय धरले.

"आवं बुवा, चुकलं माझं. मला वाटलं, धीर द्यावा."

"ऊठ रं गड्या." बुवांनी त्याला उभं केलं. "तू वाईट मनानं न्हाई केलंस. पर ते सांगायचं माझं हुतं. चाळीस वर्सं गावापुढं बोललो. ह्ये एकच वाक्य हिच्यापाशी बसून, हिचा हात हातात घिऊन बोलायचं ठिवलं हुतं. ते आता कवाच बोलता यायचं न्हाई."

मग जरिनाताई पुढे झाल्या. "बाबा, चूक माझी. किल्ली परत मागायला मी लाजले."

"आन् परत द्यायचं मी टाळलं," धनाजी म्हणाला. "नऊ दवाखान्यांचं दार आपल्याला उघडतंय, ह्यात लय मोठं वाटायचं, ताई."

साताऱ्याला परतल्यावर ताईंनी मला पुन्हा उलगडलं. मोठी किल्ली त्यांनी मोडूनच टाकली. आता दुरुस्तीच्या किल्लीनं घराची भिंत, दिवा एवढंच दुरुस्त करता येतं. खोलीतलं रुग्णांच्या नोंदींचं कपाट ताईंनासुद्धा उघडता येत नाही. अडीनडीला कुणाला मदतीची किल्ली द्यायची झाली, तर ज्याची खोली त्याच्याच कारभाऱ्यानं द्यायची, आणि दिवस मावळला की ती आपोआप विरघळते. परत मागायला नको आणि कुणाला वाईट वाटायला नको. आपल्या माणसांचा स्वभाव ओळखूनच केलेलं कुलूप आहे ते.

ही हकीकत बुवा आता स्वतःच कीर्तनात सांगतात. आवाज खाली आला आहे, पण मंडळी पुढे सरकून ऐकतात. ते सांगतात, म्हणूनच मी तुम्हाला सांगितली. त्या गाठीचं पुढे काय निघालं, हे मात्र ते सांगत नाहीत. मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या महिन्यात नवी प्रणाली येणार आहे. माझ्या खोल्या एकेक करून रिकाम्या होतील. त्याचं मला दुःख नाही. जाताना प्रत्येकाचं ज्याचं त्याला पोचावं, एवढंच वाटतं.

तुम्हीही उद्या कुणाच्या तरी खिडकीवर बसाल. कुणाचा कागद, कुणाचा फोन, कुणाचं दुखणं तुमच्या हाती येईल, आणि अगदी मायेनं तोंड उघडावंसं वाटेल. तेव्हा क्षणभर थांबा, आणि करंजवस्तीच्या भामाकाकूंची आठवण करा.