कडेचा शिक्का

“शिक्का मजकुरावर मारायचा, पोरी. कडेला नाही. वाचताना माणूस अडखळला पाहिजे.”

प्रशिक्षण विभाग उभा करणाऱ्या थोरल्या बाईंना जाऊन सहा वर्षं झाली, पण विभागाचं कपाट उघडायची वेळ झाली की त्यांचा आवाज ताईंच्या कानात उमटायचाच. किल्ली लावण्याआधी ताई क्षणभर डोळे मिटून हात जोडायच्या. तेवढा वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत. तो त्यांचा रोजचा नेम होता. फोन वाजला तरी त्या वाजू द्यायच्या.

त्या मंगळवारी मात्र फोन थांबेचना.

लहान-मोठ्या शहरांच्या नगरपालिकांनी मिळून चालवलेला हा संघ. नव्यानं निवडून आलेल्यांना कारभार शिकवायचा, त्यांना नियमांची पुस्तकं पुरवायची आणि राजधानीत जाऊन शहरांच्या वतीनं भांडायचं, एवढं त्याचं काम. शिकवणं आणि पुस्तकं ताईंकडे. भांडणं पाठपुरावा विभागाच्या साहेबांकडे.

“ताई, मी सुईण बोलतेय.” पंचवीस वर्षं सुईणपण केलेल्या या बाई आता डोंगरातल्या एका शहराच्या नगराध्यक्षा होत्या, पण ओळख अजून तशीच द्यायच्या. “आमचा आगीचा बंब मोडीत काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अहो, काय बोलताय हे?”

“मी कुठे बोलतेय! राजधानीची समिती बोलतेय. लहान शहरांची अग्निशमन केंद्रं बंद करून जिल्ह्याला जोडा, असं म्हणणाऱ्या चौदा शहरांची यादी आलीय. आमचं नाव पाचवं. सोबत ठराव, खाली माझी सही. आमच्या सभेत असला ठराव कुणी आणला असता तर मी त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले असते. जिल्ह्याचा बंब घाट चढून येईपर्यंत आमच्याकडे राखसुद्धा गार होईल.”

तो ठराव ताईंच्या ओळखीचा होता. त्याचा नमुना त्यांनीच तर लिहिला होता.

प्रत्येक प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी सराव सभा व्हायची. विषय लुटुपुटीचा, पद्धत खरी. थोरल्या बाईंची त्यात एक खोड होती, ती ताईंनीही चालू ठेवली होती: ज्याचं जे मत असेल, त्याच्या उलट बाजूनं त्यानं बोलायचं. या खेपेला सुईणबाई बंबासाठी जीव टाकणाऱ्या, म्हणून केंद्र बंद करण्याची बाजू मुद्दाम त्यांच्याकडे दिली होती. त्या इतक्या तडफेनं बोलल्या की टाळ्या पडल्या. मग चौदाही नगराध्यक्षांनी आपापल्या शहराचं नाव घालून ठरावाचा नमुना भरला, सही केली. कुठे काय भरायचं ते हाताला कळावं, एवढ्यासाठीच.

“पण त्या कागदांवर ‘सराव’ असा शिक्का होता,” ताई म्हणाल्या.

“इथे आलेल्यावर नाही. आणि शुक्रवारी सुनावणी आहे. खरं सांगा ताई, हे तुमच्याच घरातून झालं ना?”

“मला माहीत नाही. पण शुक्रवारी मी स्वतः समितीपुढे उभी राहीन आणि तो कागद सरावाचा आहे हे सांगेन.”

“शब्द देताय?”

“दिला.”

“बघा हं. अडलेल्या बाईला दिलेला शब्द मी कधी मोडला नाही. तुमचाही तसाच धरते.”

फोन ठेवून ताईंनी कपाट उघडलं. सराव सभेची फाइल जागेवर होती, चौदा कागदही होते. पण फाइलच्या नाडीची गाठ बघून ताई थबकल्या. त्या नेहमी सुरगाठ मारायच्या, एका ओढीत सुटणारी. ही गाठ नखानं सोडवावी लागली.

प्रत्येक कागदावर शिक्का होता. तळाशी, सहीच्या खाली, नीटनेटका. दोन वर्षांपूर्वी काही सदस्यांनी कुरकुर केली होती, शाईखालची अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून. तेव्हापासून ताई शिक्का कडेला मारत होत्या. दिसायला छान दिसायचं. त्यांनी कागद परत ठेवून सुरगाठ मारली आणि कपाट बंद केलं.

पाठपुरावा विभागात साहेब टेबलावरचे कागद एकसारखे करत बसले होते. ताईंना बघून ते अर्धे उठले.

“या, या! गुरुमाउलीच आल्या. बसा.”

“ते चौदा ठराव कुठून आले, साहेब?”

“शहरांकडून. अजून कुठून येणार?”

“ते सरावाचे आहेत.”

“असं म्हणताय?” साहेबांचा आवाज साखरेत घोळलेला. “काय योगायोग! मांडणीतली प्रत घेऊन जा ना, निवांत बघा. मी कशाला लपवू?”

कुणी विचारलं नसताना माणूस ‘लपवू’ का म्हणाला? ताईंच्या मनात पाल चुकचुकली. जिल्ह्याच्या नव्या अग्निशमन मंडळावर साहेबांचं नाव जवळजवळ पक्कं झालंय, अशी कुजबुज कचेरीत महिनाभर होतीच. ताईंनी तिकडे कधी कान दिला नव्हता. परनिंदा ऐकायची नाही, हाही एक नेम. आता वाटलं, थोडी ऐकायला हवी होती.

संध्याकाळी त्यांनी सुईणबाईंच्या ठरावाची प्रत मामंजींपुढे ठेवली. सासरे छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवत होते. आता डोळे अधू झाले होते, पण कागद हातात आला की पाठ ताठ व्हायची.

“सूनबाई, भिंग आण. आणि तो दिवा जवळ घे, मी काही लांबून नवरी बघायला बसलो नाही.”

ताईंना हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही.

“प्रत काढताना यंत्रात कागद खाली सरकून तळ कापला गेला असेल का, मामंजी?”

“छे. सरकला असता तर वरची जागा वाढली असती. ती आहे तेवढीच आहे.” त्यांनी नख तळाशी टेकवलं. “इथे बघ. सहीच्या खाली केसाएवढी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टीची सावली आहे ही. चूक झाकायला आम्ही कोरी पट्टी ठेवायचो, तेव्हा अशीच उमटायची. खाली काहीतरी होतं, आणि ते कुणीतरी सावकाश बसून झाकलंय. घाईत इतकं सरळ जमत नाही.”

“आणि शिक्का मधोमध असता तर?”

“मजकुरावर? मग काय झाकणार, अख्खा ठराव?” मामंजी हसले. सुनेचा चेहरा बघून त्यांनी भिंग हळूच खाली ठेवलं.

बुधवारी ताईंनी नेमाचे हात जोडले, कपाट उघडलं, आणि फाइल रिकामी होती. नाडीला सुरगाठ होती. कुणीतरी त्यांची गाठ शिकलं होतं.

त्या तशाच साहेबांकडे गेल्या. बसल्या नाहीत.

“मूळ कागद कुठे आहेत?”

“तुमच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते का?”

“शिपायाकडे दुसरी असते.”

“मग शिपायाला विचारा.” साहेब खुर्चीत मागे रेलले. “ताई, एक विचारू? शिक्का कुठे मारायचा हे तुमच्या बाईंनी नियमपुस्तिकेत लिहून ठेवलंय. मजकुरावर, तिरपा. पान अकरा. तुम्ही कुठे मारलात?”

कडेला म्हणावं तर चूक आपली. न म्हणावं तर खोटं.

“कडेला,” त्या म्हणाल्या.

“बघा! उद्या हे बाहेर गेलं की कुठला नगराध्यक्ष तुमच्या सराव सभेत सही करेल? बाईंनी उभं केलेलं सगळं तुमच्या हातून बुडेल. त्यापेक्षा सुनावणी होऊ द्या. मागाहून दुरुस्तीचं पत्र धाडू. गोड बोलून मिटतं ते मिटवावं.”

“मागाहून बंब परत येईल का?”

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. “तुमची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, ते जूनमध्ये कार्यकारिणीपुढे येतंय ना?” ते इतक्या सहज म्हणाले, जणू हवापाण्याची चौकशी.

गुरुवारी साहेब दोनदा दारावरून गेले, दोनदा हसले. शिपायानं नजर चुकवली. कुणाकुणाला ठाऊक आहे, हे ओळखू येईना. पाण्याचा पेला कुणी पुढे केला तरी ताईंना वाटे, हा आजच का?

शुक्रवारी पहाटे त्यांनी पिशवी भरली. ठरावाची प्रत. मामंजींचं भिंग. नियमपुस्तिका, पान अकराशी दुमडलेली. आणि रुमालात गुंडाळलेला शिक्का, शाईच्या गादीसकट, म्हणजे आपण काय चुकलो ते समितीपुढे कागदावर मारून दाखवता येईल.

मामंजी ओसरीत जागे होते.

“एकटी जातेस?”

“हो.”

“आधी त्या साहेबाचं सांगशील की तुझं?”

ताईंनी चपलेचा पट्टा लावला. “आधी माझं. म्हणजे त्याचं खरं वाटेल.”

“ये मग,” ते म्हणाले.

रस्त्यावर अजून दिवे होते. पहिली गाडी सव्वापाचला सुटायची. कोपऱ्यावर ताई थांबल्या, पिशवीत हात घालून शिक्का जागेवर आहे ना ते चाचपलं, आणि डोकं खाली घालून गाडीतळाच्या दिशेनं चालू लागल्या.