होय, माझ्या डोक्यात हवा आहे

मी एक जुनी टर्बो गाडी आहे. मित्रांनो, ‘जुनी’ हा शब्द ऐकून लगेच चेहरा पाडू नका. मला तुमची कीव नको आहे. दारांना गंज चढलाय, सीटच्या शिवणी उसवल्यात, एक खिडकी अर्ध्यावर अडकते. पण माझं इंजिन कुणाच्या बापाला भीत नाही. एका बापाचं मात्र ऐकतं, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

लोक म्हणतात, हिच्या डोक्यात हवा गेली आहे. गेलीच आहे! इंजिनाच्या वरच्या भागाला गॅरेजमध्ये हेड म्हणतात, म्हणजे डोकंच की. साध्या गाड्या हवा गुपचूप ओढून घेतात. मला टर्बो आहे. हा पंखा माझ्याच धुराच्या जोरावर गरगरतो आणि माझ्या डोक्यात हवा कोंबतो. हवेच्या मापानं इंधन मिळालं की मी उडते. ते माप ठरवणारा एक डबा डॅशबोर्डखाली असतो, त्याला मिस्त्री लोक मेंदू म्हणतात. हवा वाढली आणि इंधन तेवढंच राहिलं, तर डोकं तापतं, आतून टकटक सुरू होते आणि शेवटी पिस्टनला भोक पडतं. मग इंजिन संपलं.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा वास आणि बोनेटवर कुणीतरी मारलेली थाप, एवढंच. पुढे एका अपघातात माझं तोंड चेपलं, आणि मला टाकून दिलं. तिथून ज्या मिस्त्रीनं मला उचललं, त्यानंच मला खरं घडवलं. त्याच्याकडे हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं दुखणं त्याला बरोबर ऐकू यायचं. सगळे त्याला ‘कानवाले मिस्त्री’ म्हणायचे.

गावाबाहेरच्या टेकडीवर दरवर्षी चढाची शर्यत असते. एका वेळी एकच गाडी चढते, खाली-वर घड्याळं लावून माणसं बसतात. मिस्त्रीनं मला तो चढ चार मिनिटं बारा सेकंदांत चढवलं. त्या दिवशी लोक माझ्या टपावर हात फिरवून जात होते. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

मग मिस्त्रीचे कान गेले. आयुष्यभर हातोड्यांच्या आणि सायलेन्सरच्या आवाजात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? त्यानं स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगला तो टांगलाच. मी अकरा वर्षं कोपऱ्यात उभी राहिले. माझ्या टपावर जुने टायर रचले गेले, दुपारचे जेवणाचे डबे ठेवले गेले. मी काय कपाट होते?

गॅरेज आता त्याची दोन मुलं चालवतात. थोरला दादा, धाकटी ताई. यंदा ताईनं हट्ट धरला की मला पुन्हा चढावर न्यायचं. दादानंच माझा झिजलेला टर्बो काढला. त्या मापाचा मिळेना, म्हणून त्यानं मोठा बसवला. झालं! एवढी हवा बघून माझा म्हातारा मेंदू घाबरला. जरा जोर केला की तो इंधन तोडायचा, मी गचके खायचे आणि लाल दिवा लागायचा.

दादा म्हणाला, “शर्यतीपर्यंत चालली तर चालली. नाहीतर तो कोपरा मला टायरच्या मशीनला हवाय. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी.”

ताईनं ऐकून घेतलं. मी मात्र ते मनात ठेवलं.

चारच दिवसांत दादा एक डबी घेऊन आला, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ती मेंदूकडे जाणाऱ्या वायरीत बसते आणि मेंदूला खोटं सांगते, “हवा फार नाही हो, निवांत राहा.” मेंदू भोळा. त्यानं विश्वास ठेवला. दिवा विझला आणि मी सुसाट सुटले.

“बघ!” दादा बोनेटवर हात आपटून म्हणाला. “दिवा गेला, दुखणं गेलं!”

मित्रांनो, मी ओरडत होते. डोकं तापलं होतं, टकटक चालू होती. पण ओरडायला माझ्याकडे होता तो एकच दिवा, आणि त्याचंच तोंड बांधलेलं.

मिस्त्री दाराशी स्टुलावर बसला होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण ताईच्या कपाळावरची आठी त्याला दिसली. तो उठला. खिळ्यावरून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक माझ्या इंजिनावर टेकवलं, आणि मूठ कानाला लावण्याऐवजी दातांत घट्ट धरली.

“बाबा, काय हे? गिऱ्हाइकं बघतायत,” दादा कानकोंडा झाला.

मिस्त्रीनं डोळे मिटले. टर्बो फिरेपर्यंत ताईनं जोर दिला. दुसऱ्याच क्षणी मूठ तोंडातून काढून तो ओरडला, “टकटकतेय! बंद कर, बंद कर!”

कान गेले होते, पण हाडं शाबूत होती; माझी थरथर दातांतून थेट त्याच्या कवटीत पोचत होती. ताईनं स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. टोक तापून पांढरं पडलं होतं आणि त्यावर बारीक चकचकीत कण होते. ते माझ्या पिस्टनचे कण होते. आणखी दोन चढ, आणि माझं भंगार झालं असतं.

ताईला बाबांशी बोलायचं असलं की ती मिळेल तिथे बोटानं लिहायची. माझ्या मागच्या काचेवर अकरा वर्षांची धूळ होती. तिथे तिनं तीन ओळी लिहिल्या: डबी. जुना मेंदू. नवा मेंदू.

पहिली ओळ मिस्त्रीनं न विचारताच तळव्यानं पुसली.

दुसरीपुढे ताईनं लिहिलं, ‘मापांना कुलूप आहे. उघडणारा लांबचा. तयार मापं पाठवेल.’

“म्हणजे दुसऱ्या गाडीची मापं,” मिस्त्री म्हणाला. “दुसऱ्याचा सदरा हिला कसा बसेल?” ती ओळ त्यानं हळूहळू पुसली. मला वाईट वाटलं. माझा म्हातारा मेंदू खोटारडा नव्हता, त्याला फसवलं गेलं होतं.

उरला नवा मेंदू. तो कोरा येतो, एकेक माप आपण शिकवायचं. शर्यतीला अठराच दिवस होते. ताईनं शेवटी लिहिलं, ‘याला कान आहे.’ इंजिनावर बसवायचा तो एक सेन्सर, टकटक ऐकणारा.

मिस्त्री त्या तीन शब्दांकडे बघत राहिला. “पण टकटक कशाला म्हणायचं आणि साधा खडखडाट कशाला, हे त्याला कोण सांगणार?”

ताईनं बाबांच्या दातांकडे बोट दाखवलं. म्हातारा असा हसला की मी ती अकरा वर्षं विसरून गेले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. माझी चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर, ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन आत, आणि मिस्त्री बाहेर माझ्यावर ओणवा. टकटक झाली की तो हात वर करायचा, ताई ते माप बदलायची. मी काही गरीब गाय नव्हते. मी बंद पडले, फटाफट आवाज काढले, एकदा तर मागून जाळ काढून दादाचा झाडू पेटवला. ते मात्र मुद्दाम नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते.

शर्यतीच्या दिवशी ताईला घेऊन मी चढले. शेवटच्या वळणावर नव्या मेंदूला किंचित टकटक ऐकू आली. त्यानं दिवा लपवला नाही. ताईनं तो पाहिला आणि पाय केसभर उचलला. घड्याळात चार मिनिटं चौदा सेकंद.

“दोन सेकंद!” वर थांबलेला दादा कळवळला. “दोनच सेकंद! माझी डबी असती तर...”

शेजारी उभ्या मिस्त्रीला शब्द ऐकू आले नाहीत, पण दादाचा चेहरा वाचता आला. त्यानं बोनेट उघडलं, सोबत आणलेल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, पण मूठ स्वतःच्या दातांत धरली नाही. ती दादापुढे केली.

सगळी माणसं बघत होती. दादानं इकडे-तिकडे पाहिलं, मूठ शर्टाला पुसली आणि दातांत धरली. ताईनं इंजिन चालूच ठेवलं होतं. दादाचे डोळे आपोआप मिटले. जन्मात पहिल्यांदा तो माझं ऐकत होता.

मग मूठ काढून तो ताईला म्हणाला, “टायरचं मशीन बाहेर शेडखाली ठेवू.”

मित्रांनो, मला रोज पुसू नका, कौतुकाचे फोटो काढू नका. एकच करा. कुणी तक्रारीचा दिवा लावला, तर त्याचं तोंड बांधू नका. मग ती गाडी असो, की स्टुलावर बसलेला म्हातारा. आणि मी? माझ्या डोक्यात हवा आहे, आणि ती राहणारच. तिच्या मापाचं इंधन द्यायची तयारी असेल, तरच माझ्या किल्लीला हात लावा. पुढच्या वर्षी मला ते दोन सेकंद हवे आहेत.