लुकमा

२०१८चा रमजान भर उन्हाळ्यात आला होता. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर खुर्शीदबी मागच्या खोलीत तांदूळ निवडत होती. पुढच्या खोलीत तिचे पती मौलाना फसीहुद्दीन आणि त्यांचा शागीर्द इद्रीस रात्रीच्या तरावीहच्या नमाजसाठी कुराणाची उजळणी करत होते. मौलानांचा आवाज अडला. इद्रीसनं हळूच पुढचा शब्द सुचवला. खुर्शीदबीचा हात सुपातच राहिला.

नमाज पढवणारा अडला की मागच्यानं शब्द पुरवायचा, त्याला लुकमा म्हणतात. लुकमा म्हणजे घासही. चांदूर बाजारच्या ज्या मशिदीत मौलाना नमाज पढवत, तिथं त्यांना आजवर कुणी लुकमा दिला नव्हता.

"मधात काहून बोलला?" मौलाना कडाडले. "मी थांबलो होतो, चुकलो नवतो!"

इद्रीस मागच्या दारानं निघाला. चपला चाचपडत म्हणाला, "चाची, सूरह यासीन होती. लेकरायले येते ते."

"रोजा लागला असंन त्यायले. ऊन किती हाये."

संध्याकाळी शेजारची माणिकबाई भाजीवाली इफ्तारला काकड्या घेऊन आली.

"भाभी, काल तुमचे मौलाना माह्या ओट्यावर येऊन बसले. म्हनतात, नमाजले हातपाय धुवाचे, वजूचं पानी आन! म्या म्हटलं, म्हातारपनी दुसरं घर मांडता का काय?"

ती खो खो हसली. खुर्शीदबीही हसली, थोडी उशिरा.

हिवाळ्यापासून मौलाना रोज सकाळी तिला समोर बसवून कुराणातली हीच यासीन म्हणायला लावत. तिचे उच्चार दर्यापूरकडच्या खेड्यातले, ते सुधारायचे म्हणून. इतक्या वर्षांनी हे कसलं खूळ, म्हणून ती मनातून रुसलेली होती. दुसऱ्या दिवशी ती बसली, म्हणू लागली, आणि मध्येच मुद्दाम थांबली.

मौलाना तिच्या ओठांकडे पाहत राहिले. शेजारी माणिकबाई भाजीवर पाणी शिंपडत होती, तेवढाच आवाज.

"पुढं?"

"तुमी सांगा."

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"मले येत असतं, तं तुले कायले बसवलं असतं, खुर्शीद?"

ती थोडी पुढं सरकून बसली.

"सारा जलम नफ्स वळखाले किताबा चाळल्या," ते म्हणाले. नफ्स म्हणजे आतला मी. "आता कुठं वळखू याले लागला, तं तोच घर सोडून चालला. इद्रीसले सांग, आजपासून तू पुढं उभा राय. माह्या चुकीनं मागच्यायची नमाज बिघडाले नोको."

त्या रात्री मौलाना शेवटच्या रांगेत उभे राहिले.

इद्रीस अजून तिथंच नमाज पढवतो. माणिकबाई लेकाकडे अकोल्याला गेली. मौलाना आणखी तीन पावसाळे होते. शेवटी शेवटी खुर्शीदबीच त्यांना घास भरवायची, आणि तोंड उघडायचं असतं हे आठवायला त्यांना वेळ लागायचा.

खुर्शीदबी आता एकटीच सकाळी यासीन म्हणते. परवा ती मध्येच अडली. मुद्दाम नव्हे. समोरच्या रिकाम्या बैठकीकडे पाहत, कुणी शब्द पुरवील म्हणून ती बराच वेळ थांबून राहिली.