बाई आता विचारत नाहीत

"मी नसली, तर माझी जागा रिकामी राहू दे. माझ्या नावानं त्या मशीनले बोलायले लावू नको," मंदाकिनीबाईंनी अनुश्रीला तेव्हाच बजावलं होतं. "रिकामं दिसलं तर कोणीतरी म्हणंन, बाई कुठं गेली, पाहा जरा. भरलेलं दिसलं तर कोण कशाले पाहते?"

अनुश्रीनं "हो बाई" म्हटलं आणि सोडून दिलं. म्हातारपणी माणसाला असं काहीबाही सुचतं, असं तिला वाटलं. शिवाय लेकरू एवढं मन लावून लिहिणार आणि समोरून काहीच येणार नाही, हे तिच्यातल्या आईला बघवणारं नव्हतं.

गोष्ट टाळेबंदीतली. शाळा बंद, पोरं घरात कोंडलेली. शाळेनं ग्रंथालयातली पुस्तकं मोबाइलवर वाचता येतील अशी सोय करायचं ठरवलं, तेव्हा पालकांमधून अनुश्री पुढे झाली. तिची कंप्यूटरची पदवी लग्नापासून कपाटात पडून होती आणि ती स्वतःही याच शाळेत शिकलेली होती. तिनं घरी बसून सगळं मांडलं. पुस्तक उघडायचं, वाचायचं, 'परत' दाबायचं. पण नुसतं परत करणं तिच्या जिवाला पटेना, कारण मंदाकिनीबाईंच्या ग्रंथालयात पुस्तक असं कधी परत होतच नसे.

रायपूर नुकतं राजधानी झालं होतं, तेव्हाचं ते ग्रंथालय. गावभर रस्ते खोदलेले, दुकानांच्या पाट्यांवरचं 'म. प्र.' पुसून 'छत्तीसगढ' रंगवणं चाललेलं. बाईंचा शिक्का मात्र कितीतरी दिवस मध्यप्रदेशातच राहिला. "शाई संपू दे, मंग पाहू," म्हणायच्या. भोपाळहून साहेबलोकांची मुलं शाळेत आली. त्यांना 'बाई' म्हणायचं जड जाई, कारण त्यांच्या घरी बाई म्हणजे भांडी घासणारी. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. "म्हण रे, म्हण," त्या म्हणायच्या, "माझ्याही घरी भांडी मीच घासते."

त्याच वर्षी ग्रंथालयात पहिला कंप्यूटर आला. बाईंनी त्याच्यावर क्रोशाचं पांढरं झाकण घातलं. चपला बाहेर काढून, हात धुऊन आत जायचं. फोनची तार जोडली की आतून किर्रर्र, टूं, खर्र असे आवाज यायचे आणि सगळा वर्ग श्वास रोखून उभा राहायचा. एखादं चित्र वरून खाली असं हळूहळू उतरायचं की पोरं पैज लावायची, हत्ती आहे की डोंगर.

पण पुस्तक परत करायचं ते बाईंच्या टेबलाशेजारच्या लाकडी स्टुलावर बसूनच. बसायचं, पुस्तकातलं काहीतरी सांगायचं, मग बाई एक प्रश्न विचारायच्या. उत्तर दिलं की शिक्का. भोपाळहून आलेला निरंजन हुशार. त्यानं पुस्तक न वाचताच त्या नव्या मशीनवरून गोष्टीचा सारांश छापून आणला आणि खडाखडा म्हणून दाखवला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान सांगतलं. आता सांग, तुले कंटाळा कुठं आला?"

निरंजननं कागद उलटून पाहिला, मागे कोरा. मुकाट्यानं पुस्तक घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्टुलावर बसला. "बाई, सब जगह आया." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि त्यांनी शिक्का दिला.

ते स्टूल अनुश्रीला मोबाइलमध्ये आणायचं होतं. म्हणून तिनं 'परत'च्या खाली एक खिडकी ठेवली. मुलानं दोन ओळी लिहायच्या, बाईंनी त्यांच्या फोनवरून एक प्रश्न विचारायचा. बाई तोवर निवृत्त झालेल्या. नवरा रेल्वेत होता, तो गेलेला, मूलबाळ नाही. पुरानी बस्तीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. अनुश्रीनं विचारलं तेव्हा त्यांनी फक्त ती एक अट घातली, आणि कामाला लागल्या. एका बोटानं टाइप करायच्या, पण प्रश्न तेच, स्टुलावरचे. 'शेळी हरवली तेव्हा तुले कोणाची आठवण आली?' 'राजाले आई नव्हती का? पुस्तकात काहून दिसत नाही?' मुलं संध्याकाळी लिहायची, बाई झोपण्याआधी उत्तर द्यायच्या, सकाळी मुलं उठून आधी ते बघायची.

शाळा पुन्हा उघडल्या, तरी खिडकी चालू राहिली. आणि अनुश्रीनं, कुणाला न सांगता, एक छोटी सोय करून ठेवली. पहाटेपर्यंत बाईंचं उत्तर गेलं नाही, तर आपोआप एक ओळ जाईल: 'वा! छान लिहिलंस. आता पुढचं पुस्तक घे.' बाईंच्याच नावानं, बाईंच्याच फोटोखाली. आणि मुलाचं ते पत्र बाईंच्या न वाचलेल्यांच्या यादीतून आपोआप निघून जाईल. अधूनमधून बाईंना ताप आला, फोन बिघडला, तर लेकरांचं मन मोडू नये, एवढंच.

तशी अनुश्री लक्ष ठेवणारी बाई. गॅसचं बटण दोनदा बघणार. शाळेची व्हॅन थोडी उशिरा आली की चालवणाऱ्या भैय्यालालला फोन करणार. तिचा नवरा गौतम भनपुरीच्या कारखान्यात कामाला, तो म्हणायचा, "तुझ्या नजरेतून माशी निसटत नाही, मी काय निसटणार?" पण खिडकीत रोज उत्तरं दिसत होती, तेव्हा तिकडे बघायचं तिला कारण नव्हतं.

एका रविवारी सकाळी सोनिया, तिची तिसरीतली मुलगी, पोहे खाता खाता म्हणाली, "मम्मा, बाई आजकल पूछती नहीं."

"काय विचारत नाहीत?"

"कुछ भी नहीं. बस बोलती हैं, छान लिहिलंस. मैंने तो झूठमूठ लिखा था कि शेर उड़ गया. फिर भी छान."

अनुश्रीच्या हातातला झारा तसाच राहिला. तिनं फोन काढला. सोनियाच्या नावाखाली, शेजारच्या मुलीच्या नावाखाली, सगळ्या वर्गाच्या नावांखाली तीच ओळ. ती बोटानं वर वर सरकत गेली. दिवाळीच्याही मागे गेल्यावर कुठे बाईंचा शेवटचा प्रश्न सापडला.

तिनं बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

"झोपल्या असतील," गौतम म्हणाला.

"सकाळी दहाला? बाई?" आणि एकदम तिला बाईंचं ते वाक्य आठवलं. भरलेलं दिसलं तर कोण कशाले पाहते. दिवाळीपासून बाईंचं काही झालं असेल, तर आपणच ते पडद्याआड लपवून ठेवलं. तिनं गॅस बंद केला. "सोनिया, चप्पल घाल."

पुरानी बस्तीच्या गल्ल्या अजून तशाच अरुंद. देवळामागे स्कूटी लावून ती जवळजवळ धावतच निघाली. बाईंचं निळं दार ओढलेलं. तिनं कडी वाजवली. आत हालचाल नाही. पुन्हा वाजवली. शेजारच्या ओट्यावर सत्यभामा भाजी निवडत होती. या आळीतली जुनी शेजारीण.

"मंदाकिनीबाई आहेत ना?"

"हव, हे ना," सत्यभामा म्हणाली. "छत म हे. घाम तापत हे." छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन; अनुश्री बाहेरच्या जिन्यानं वर गेली.

बाई गच्चीवर उन्हात बसल्या होत्या. काळा चष्मा, मांडीवर शाल. अनुश्री जिन्यातच बसली.

"कोण हाय वो? अनुश्री? काहून धापा टाकून राहिली?"

"बाई, फोन का नाही उचलत?"

"खाली हाय तो. मोतीबिंदू काढला ना दिवाळीच्या आधी. डॉक्टर म्हणे, दिवा लावून फोन पाहू नका. तवापासून मी दुपारीच पाहते, उजेडात." बाईंनी सोनियाला जवळ ओढलं. "हे तुझी पोट्टी? उडणाऱ्या वाघाएवढी झाली का नाही?"

सोनिया चपापली. "आपको कैसे पता?"

"सांगंन. आधी तुझ्या मायले पाणी दे, त्या माठातलं."

अनुश्री पाणी प्यायली. "दुपारी उघडता, तर दिसतं का काही?"

"काही नाही," बाई सहज म्हणाल्या. "रोज उघडते, यादी साफ. म्हटलं, पोट्टे मोठे झाले, दुसरे खेळ आले असतीन. कोण म्हातारीले लिहीत बसते? वाईट वाटलं थोडं. मंग सवय झाली." त्या थांबल्या. "पण कालच्या दिवशी पहाटेच झोप उघडली. फोन पाहिला, तं हिचा वाघ दिसला. खुश झाली मी. चष्मा शोधून येते तवरिक वाघ यादीतून गायब. हिच्या नावाचं पान उघडलं, तं वाघाच्या खाली माझ्याच नावानं, छान लिहिलंस. मी तं लिहिलं नाही."

अनुश्रीनं पाण्याचा पेला फरशीवर ठेवला.

"लावलंच ना शेवटी मशीनले बोलायले?" बाईंचा आवाज वर गेला नव्हता. स्टुलावर बसलेल्या मुलाला विचारायचा तोच सूर.

"लेकरांना वाईट वाटू नये म्हणून, बाई."

"वाटू द्याचं ना थोडं. वाट पाहणारं लेकरू रडते, मंग विचारते. हिनं विचारलं का नाही? अन् तुझं ते मशीन तं वाघ उडाला तरी छान म्हणते."

"आप क्या पूछतीं?" सोनियानं मध्येच विचारलं.

बाईंनी काळा चष्मा कपाळावर चढवला. डोळे लाल होते, पण नजर तीच. "वाघ उडाला, तं खाली जंगलात कोण खुश झालं?"

सोनिया विचारात पडली. उठली, गच्चीच्या कठड्याशी जाऊन आली. मग म्हणाली, "हिरण. लेकिन बाद में डर गया. अब ऊपर भी देखना पड़ेगा ना."

बाई हसल्या, आणि हसता हसता शालीनं डोळे टिपले. डॉक्टरांनी चोळायला मनाई केली होती.

अनुश्रीनं तिथेच, उन्हात, फोनवर ती ओळ काढून टाकली. यादीतून पत्रं उतरणंही बंद केलं, म्हणजे बाई दुपारी उघडोत की दोन दिवसांनी, लेकरांचं लिहिलेलं त्यांची वाट बघत राहील. मग जिथे आपोआप ओळ जायची तिथे कायमची एक सूचना लिहायला घेतली. बाईंना विचारून, आधी हिंदीत, सगळ्यांना कळावी म्हणून, आणि खाली मराठीत. गौतमची बदली कधीही होऊ शकते, ती नेहमीच गावात असेल असं नाही, हे तिच्या मनात होतंच. बाई बाजूला बसून ऐकत होत्या. "माझी तारीफ नको लिहू," तेवढं म्हणाल्या.

सूचना अजून तिथे आहे:

'वाचकहो, या जागी मंदाकिनीबाई स्वतः लिहितात, दुसरं कोणी नाही. त्यांना वेळ लागतो, तेव्हा थांबा. पण जागा बरेच दिवस रिकामी दिसली, तर पुढचं पुस्तक घेऊ नका. तुमच्यापैकी जो जवळ असेल त्यानं पुरानी बस्तीत देवळामागच्या निळ्या दाराशी जाऊन कडी वाजवा. दार उघडलं नाही, तर शेजारी सत्यभामाबाईंना विचारा आणि गच्चीवर बघून या. बाई कशा आहेत, तेवढं मला, अनुश्रीला, कळवा.'