न वाहिलेली फुलं

या मित्रांनो, असे जवळ या. वाऱ्याकडे पाठ करून बसा, म्हणजे माझं बोलणं कानी पडेल. एका आजीची गोष्ट सांगायची आहे. त्या गोष्टीत माझीही आलीच.

मी इक्वेडोरच्या उंच माळावरचं एक जुनं झुडूप आहे. माझी फुलं तांबडी, खाली मान घातलेली. एकेकाळी या उतारावर आम्ही शेकड्यांनी होतो. मग मी एकटंच कसं उरलं? आम्हाला वणव्याने नाही संपवलं, भक्तीने संपवलं. दर मे महिन्यात, क्रुसाच्या सणाला, गावाच्या क्रुसावर आमचीच फुलं लागत. एकही मागे ठेवायचं नाही, असा रिवाज. मग बी धरणार कधी?

मे जवळ आला की जीव खालीवर होई. कळ्या उमलाव्यात असं वाटे, आणि उमलू नयेत असंही.

त्या वर्षी त्रांसितो आजी टोपली घेऊन आली. लेक बाळंतपणातून सुखरूप सुटली, तर क्रूस फुलांनी झाकीन, असा तिचा नवस होता. लेक सुटली होती. सोबत नणंद झोइला.

"वहिनी, तोडा पटापटा. धुकं उतरतंय."

"झोइला, लहानपणी इथं आपण चार टोपल्या भरायचो ना गं?"

"भरायचो. आणि तुम्ही पाचवी मागायचात, अधाशी कुठल्या!"

आजी हसली नाही. तिने चारी दिशांना पाहिलं. "सगळी आपणच नेली गं."

तिची बोटं माझ्या पहिल्या फुलाच्या देठाला लागली. बोटं तशीच थांबली, आणि मग मागे गेली.

"अहो, नवसाचं काय? गाव फाडून खाईल तुम्हाला!"

"खाऊ दे."

खाली गावात मानकरी सेगुंदोने रिकाम्या टोपलीत डोकावून टोमणा मारला, "काय आजी, लेक सुटली, आता देव कोण?"

"देव तोच आहे बाबा. फुलं येऊ शकत नाहीत, तर त्यालाच वर फुलांकडे घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी चौघे तो जड क्रूस खांद्यावर घेऊन, धापा टाकत, आजीला बोल लावत वर आले. क्रूस माझ्याशेजारी उभा राहिला. गाणी सुरू झाली. तेवढ्यात एक इवला गुंजनपक्षी आला आणि सगळ्यांदेखत फुलाफुलात चोच घालून गेला. सेगुंदोने मुकाट्याने टोपी काढली.

त्या वर्षी, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, मला बी धरलं. वाऱ्याने ते नेलं. कुठे रुजलं, रुजलं की नाही, याच विचाराने अजून चैन पडत नाही.

आजी आता नाही. मित्रांनो, देवासाठी फुलं काढाल, तेव्हा एक तरी फांदीवर राहू द्या. आणि रिकामी टोपली घेऊन भरल्या गावात उतरलेल्या माझ्या त्रांसितो आजीची आठवण काढा.